डिकीतल्या दोन नळ्या

गाडी विकायची हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. सरोजला ते सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तिचा मुलगा अमित शनिवारी दुपारच्या विमानाने पुण्याहून हैदराबादला आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने गाडीचे फोटो काढले. आधी चेपलेल्या डाव्या कोपऱ्याचे, मग उरलेल्या बाजूंचे. रविवारी सकाळी त्याचे काका हिम्मतराव शोभाकाकूंना घेऊन मलकपेठहून ऑटोने नल्लकुंट्याला आले. शोभाचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिला पायरी चढताना धरावं म्हणून सरोजने हात पुढे केला, तर हिम्मतराव मध्ये आले.

"राहू द्या वहिनी, मी आहे," ते म्हणाले.

बोलणं साधंच होतं. पण सरोजचा हात क्षणभर तसाच पुढे राहिला आणि मग तिने तो पदराला पुसला.

बुधवारी तीच शोभाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. परत येताना मलकपेठच्या पुलाच्या उतारावर एक ऑटो आडवा घुसला. सरोजने ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडे फिरली. कोणी स्टिअरिंग हातातून हिसकावून घ्यावं तशी. खांबावर कोपरा आदळला. वेग फारसा नव्हता, पण शोभाने घाबरून पुढे हात टेकवला आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून सरोजला एकच गोष्ट दिसत होती: प्लास्टरबाहेर आलेली शोभाची पाच बोटं, सुजून केळफुलासारखी लालसर झालेली.

गाडी चालवायला ती शिकली होती बासष्टाव्या वर्षी. तिचे यजमान प्रभाकरराव गेले त्याला सोळा महिने झाले. ते होते तोवर, अडतीस वर्षांच्या संसारात, ती एकदाही गाडीच्या उजव्या बाजूच्या दाराने आत बसली नव्हती. ते गेल्यावर गाडी चार महिने शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. मग एक दिवस पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली ही बाई विद्यानगरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत बसली. घरात कुणाला विचारलं नाही. लायसन्स हातात आल्यावरच फोन करून सांगितलं. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

आता चहा झाला होता, चांद बिस्किटांची बशी अर्धी संपली होती आणि तिच्याच बैठकीत तिच्याविषयी बोलणं चाललं होतं, ती तिथे नसल्यासारखं.

"आईला कुठे जायचं असलं की मी पुण्याहून कॅब बुक करून देईन," अमित काकांना सांगत होता. "तिला फोनमध्ये काही करायला नको. फक्त खाली उतरायचं."

"तेच बरं. या वयात शिकलेलं हाताला बसत नाही रे." हिम्मतरावांनी कप खाली ठेवला. "दादाने एवढी वर्षं गाडी चालवली. ओरखडा दाखव एक."

"गाडी डावीकडे ओढते हे मी तुला संक्रांतीलाच फोनवर सांगितलं होतं, अमित," सरोज म्हणाली.

"आणि मी अलाइनमेंट करून घे म्हटलं होतं."

"केलं होतं. तरी ब्रेक दाबला की ओढायचीच."

"नव्या माणसाला तसं वाटतं, वहिनी," हिम्मतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाय एकदम पडतो ना ब्रेकवर. मग गाडी बिचकते."

सरोजने शोभाकडे पाहिलं. शोभा डाव्या हाताने बिस्किट चहात बुडवण्यात गुंतली होती. ते मऊ पडून कपात गळालं, तरी तिने मान वर केली नाही. दोघी जावा म्हणजे जिवाच्या मैत्रिणी. मागे त्यांच्या नवऱ्यांमध्ये अबोला पडला होता, तेव्हाही दुपारी तीनला त्यांचा फोन चुकायचा नाही. गाडीत त्या वेळी शोभा शेजारीच बसली होती. काय झालं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"उद्या सकाळी एक जण बघायला येतोय, काका असतील इथे," अमित म्हणाला. "यादगिरीला बोलावलंय मी. फुटलेला दिवा बदलेल, ब्रेकबीक बघून घेईल. आई, तू असा चेहरा करू नकोस. बुधवारपासून मी धड जेवलेलो नाही."

ते खरं होतं. तो वाळलेला दिसत होता. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता येईना. फाटक वाजलं तशी ती उठली आणि बाहेर गेली.

यादगिरीचं अंबरपेठेत छोटं गॅरेज होतं. माणूस साठीला आलेला, गुडघे दुखणारा, कामाआधी चपला काढून ठेवणारा. प्रभाकरराव गाडीची बरीच कामं घरीच करायचे, पण अडलं की त्याच्याकडेच जायचे. त्याने चेपलेल्या कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि मग सरोजकडे बघून विचारलं, "अम्मा, ब्रेक मारे तो गाडी किधर गई?"

गेल्या चार दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"डावीकडे," ती म्हणाली. "लेफ्ट को."

"और दूर जाके आए तो जलने की बास आती क्या? राइट के चाक के पास?"

येत होती. दोनदा आली होती. तिला वाटलं होतं, रस्त्यावर कोणी कचरा जाळत असेल.

यादगिरीने पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि तिला आत बसून ब्रेक एकदा दाबून सोडायला सांगितलं. तिने दाबला, सोडला, उतरून आली. "अब चाक घुमाव," तो म्हणाला. तिने दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला. हलेना. पाय पेडलवरून निघाला होता, पण चाकाची पकड सुटली नव्हती. मग त्याने चाक काढून ठेवलं आणि आतल्या बाजूच्या एका छोट्या नटाला पाना लावून किंचित ढिला केला. चूळ टाकावी तसं थोडं तेल उडालं. "अब घुमाव." या वेळी लोखंडी तबकडी नुसत्या बोटाने फिरली.

"होज पाईप गया, अम्मा. देखो." त्याने बॅटरीच्या उजेडात दाखवलं. गाडीच्या अंगाकडून लोखंडी नळी यायची आणि चाक वळतं म्हणून शेवटची वीतभर नळी रबराची होती. बाहेरून ती धड दिसत होती. यादगिरीने ती टोकापाशी वाकवली तेव्हा रबरावर बारीक बारीक भेगा उघडल्या, टाचेच्या भेगांसारख्या. "ये तो ऊपर का. असल बीमारी अंदर है. रबर अंदर से फूल जाता. तेल जाने कू देर, वापस आने कू भी देर. तुम ब्रेक मारे, लेफ्ट का चाक फौरन पकडा, राइट का नै पकडा. गाडी लेफ्ट कूच जाएगी ना. कोई भी चलाता तो जाती."

सरोज फाटकाला टेकून उभी राहिली. मार्चचं ऊन चढायला लागलं होतं. कोई भी चलाता तो जाती. चार दिवस आणि चार रात्री तिने स्वतःचा पाय पुन्हा पुन्हा त्या पेडलवर ठेवून पाहिला होता. उशीर झाला का, घाबरून चुकीचं दाबलं का, शोभाशी बोलण्यात लक्ष होतं का. एवढ्या विचारांत हा विचार एकदाही आला नव्हता की चूक आपली नसेल.

"नवा पाईप आणावा लागेल ना?" तिने विचारलं.

यादगिरी तिच्याकडे जरा चमकून पाहू लागला. मग उठला, डिकी उघडली, जादा चाकाखालचा गालिचा वर केला. तिथून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन चपटे खोके काढले. "मैं जॅक निकाला तब दिखे," तो म्हणाला. "सर लाके रखे थे. लगाए नै."

खोक्यांवर निळ्या बॉलपेनने, तिच्या ओळखीच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: पुढची उजवी. पुढची डावी. खाली तारीख होती. ते गेले त्याच्या आठ महिने आधीची.

"सर कू मालूम था?" तिच्या तोंडून तिची नेहमीची भाषा सुटून त्याचीच आली.

"हौ, अम्मा. मैं ही बोला था. गाडी छोड देव, दो घंटे का काम है बोला. सर बोले, नक्को, घर पे करता. मेरा छोटा भाई आता, वो पेडल दबाता." यादगिरी नवी नळी पिशवीतून काढून वाकवून बघत होता. "ये काम में दो आदमी लगते ना. एक नीचे, एक पेडल पे. नया पाईप लगाए तो हवा भर जाती, वो निकालना पडता. एक महीने बाद मिले तो मैं पूछा, सर लगाए क्या? बोले, अभी भाई नै आए. फिर तबीयत खराब हुई बोल के सुना. मैं समझा किसी और से करा लिए होंगे."

भाई नै आए.

त्या वर्षी भाऊ येणार नव्हता. त्याच जानेवारीत प्रभाकररावांनी आबासाहेबांची पुस्तकं एका वाचनालयाला देऊन टाकली होती. आबासाहेब म्हणजे तिचे सासरे, जुन्या हायकोर्टातले वकील. त्यांची चार कपाटं भरून कायद्याची उर्दू पुस्तकं, जी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. द्यायला हरकत कुणाचीच नव्हती. पण हिम्मतरावांना विचारलं नाही, टेम्पो निघून गेल्यावर सांगितलं. "मी त्यांचा मुलगा नाही का?" एवढंच बोलून ते जे गेले, ते दहा महिन्यांनी हॉस्पिटलात आले. तोवर प्रभाकरराव बोलण्यापलीकडे गेले होते.

तिला उन्हाळ्यातल्या त्या दुपारी आठवल्या. प्रभाकरराव शेडमध्ये जायचे, बॉनेट उघडायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि परत येऊन हात धुवायचे. "झालं का काम?" ती स्वयंपाकघरातून विचारायची. "बघू पुढे," ते म्हणायचे. शेड आणि ओटा यांच्यात पंधरा पावलं होती. पेडल दाबायला ताकद लागत नाही, कसब लागत नाही. आत्ताच तर तिने दाबलं होतं. एक हाक मारली असती तर ती हातातलं पीठ तसंच ठेवून आली असती. त्यांच्या मनातसुद्धा आलं नसेल. आणि तिच्याही मनात कधी आलं नाही की जाऊन विचारावं, मी काही धरू का.

"लगाऊं क्या अम्मा? पाईप अच्छे हैं. पॅक थे."

"थांब," ती म्हणाली. "पेडल दबाने कू आदमी लाती."

आत अमित मोबाईलवर कुणाला तरी गाडीची माहिती सांगत होता. फोन ठेवून त्याने आईकडे पाहिलं. "काय म्हणतो यादगिरी? फार काही निघालं नाही ना? बाबांच्या हातात गाडी अशी होती ना काका, की सोळा वर्षांची वाटायची नाही."

यादगिरीची वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती. नुसता हातातला खोका टेबलावर ठेवला असता तरी पुरलं असतं. तिची मान ताठ झाली असती, आणि भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाची खाली गेली असती. तिने खोका पदराआड धरला.

"भाऊजी, जरा बाहेर येता का?" ती म्हणाली. "ब्रेकची हवा काढायची आहे. पेडल दाबायला माणूस हवाय."

हिम्मतराव उठले. या एका कामाला ते कधी नाही म्हणाले नव्हते. बजाज स्कूटर जाऊन पहिली गाडी आली तेव्हापासून, तीस वर्षं, दादा खाली आणि ते वर, असंच ठरलेलं होतं. बाहेर येऊन त्यांनी सीट मागे सरकवली, चष्मा खिशात ठेवला आणि बसले. यादगिरीने तोवर जुनी नळी काढून नवी लावली होती. तिला पीळ पडू नये म्हणून तिच्या अंगावरची पांढरी रेघ सरळ आहे का ते तो बोटाने चाचपून पाहत होता. तांब्याच्या नव्या वायसर घातल्या. मग दुसऱ्या बाजूचीही बदलली. एक गेली की दुसरीचा भरवसा नसतो, असं त्याचं म्हणणं. त्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं, नळी टायरला कुठे घासत नाही हे वाकून बघितलं आणि नटाला पारदर्शक बारीक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दबाव साब."

हिम्मतरावांनी दोन-तीनदा पेडल दाबलं.

"पकडो."

ते दाबून बसले. बाटलीत बुडबुडे आले, तेलाचा मळकट चहासारखा रंग उतरत गेला. यादगिरीने नट आवळला. "छोडो." पुन्हा दाबा, पुन्हा धरा, पुन्हा सोडा. सरोज बॉनेटखालच्या छोट्या टाकीत ब्रेकचं नवं तेल ओतत होती. टाकी रिकामी पडली तर हवा परत आत जाईल, असं यादगिरीने बजावलं होतं.

"नळ्या कुठून आणल्या, वहिनी? आज रविवार. दुकानं तर बंद असतील."

"यांनी आणून ठेवल्या होत्या. डिकीत होत्या."

"दादाने? कधी?"

तिने खिडकीतून खोका त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. अक्षर वाचलं, तारीख वाचली. ती तारीख त्यांनी पुन्हा वाचली.

"बदलायच्या राहिल्या," सरोज म्हणाली. "यादगिरीला म्हणाले होते, भाऊ आला की करतो."

हे सांगताना आवाजात राग येऊ नये म्हणून ती टाकीतल्या तेलाकडेच पाहत राहिली.

"पकडो साब," यादगिरी म्हणाला. त्यांनी पेडल दाबून धरलं. बाटलीत आता स्वच्छ तेल येत होतं, एकही बुडबुडा नव्हता. नट आवळून झाला. "छोडो. हो गया."

त्यांनी पाय उचलला नाही.

"साब, छोडो."

"त्या पाडव्याला दादाचा फोन आला होता," हिम्मतराव समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "सकाळी. मी आंघोळ करून नुकता आलो होतो. नाव दिसलं. मला वाटलं, पुस्तकांचं काहीतरी समजावून सांगणार. मी उचलला नाही. वाजू दिला. नंतर करीन म्हटलं." ते थांबले. "दुसऱ्यांदा नाही केला त्याने."

"पाडव्याला सुट्टी असते," सरोज म्हणाली. "तुम्हाला सोयीचं म्हणून तो दिवस धरला असेल."

"हो."

"मी घरातच होते, भाऊजी."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पेडलवरचा पाय अलगद काढून घेतला.

यादगिरीने हात धुतले, जुन्या नळीचा पात्याने उभा छेद केला आणि ती सरोजच्या तळहातावर ठेवली. आतलं रबर सुजून एकमेकांना भिडलं होतं. मध्ये उरली होती सुई जाईल एवढी वाट.

ती नळी आत घेऊन गेले ते हिम्मतरावच. सरोज मागे होती. त्यांनी ती चहाच्या ट्रेमध्ये, कपांच्या शेजारी ठेवली.

"वहिनींची चूक नव्हती," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "ही नळी आतून बंद झाली होती. मी चालवत असतो तरी तिथेच आदळलो असतो. दादाला ठाऊक होतं. नवी आणून ठेवली होती त्याने. मी पेडल दाबायला आलो नाही म्हणून राहून गेली."

अमितने नळी उचलून पाहिली, पुन्हा ठेवली. "बाबा असं करणार नाहीत," तो म्हणाला. "त्यांना माहीत असतं तर त्यांनी गाडी रस्त्यावर काढलीच नसती."

"काढली नाही," सरोज म्हणाली. "आठव ना. त्या उन्हाळ्यानंतर आपण सगळीकडे ऑटोनेच जात होतो. पेट्रोल महाग झालं म्हणायचे."

"मग तुला का नाही सांगितलं?"

अमित फोटोकडे बघत राहिला. लहानपणी शाळेत रडू आलं की तो असाच वर बघायचा, डोळ्यांतलं खाली पडू नये म्हणून.

"ताई," शोभा एकदम म्हणाली. "मी बघितला होता तुमचा पाय. ऑटो दिसल्या दिसल्या तुम्ही ब्रेक दाबला होता. उशीर नव्हता झाला. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग चार दिवस बोलली का नाहीस?" हे हिम्मतरावांनी विचारलं.

"तुम्ही बोलत होतात," शोभा म्हणाली. "हॉस्पिटलातच तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत, वहिनी घाबरल्या म्हणून. मग मी काय सांगायचं राहिलं होतं? हात दुखत होता. मी म्हटलं, जाऊ दे."

सरोज ट्रे उचलायला वाकली. नळीचं वेगळं होतं. रबर ते, जुनं झालं. नवऱ्याचंही एक वेळ समजण्यासारखं होतं. पण रोज दुपारी तीनला जिच्याशी ती बोलायची, त्या शोभाने जाऊ दे म्हटलं होतं. तिला रडू आलं नाही. फक्त कप फार जड लागले.

"त्या माणसाला फोन करून सांग, गाडी विकायची नाही," ती स्वयंपाकघराच्या दारातून अमितला म्हणाली.

"आई, ब्रेक नीट झाले ते ठीक आहे. पण तू एकटी..."

"एकटी आहे म्हणूनच लागते गाडी."

जेवणं झाली. वरण-भात, गोंगुराची म्हणजे अंबाडीची भाजी, आणि सगळे नेहमीपेक्षा जास्त वेळा मीठ, लोणचं मागत होते, काहीतरी बोलायला हवं म्हणून. अमितचं विमान संध्याकाळचं होतं. "मी सोडते एअरपोर्टला," ती म्हणाली. त्याने क्षणभर विचार केला. करायला हवा म्हणून केला, हे तिला दिसलं. "नको आई, कॅब निघालीये तिकडून," तो म्हणाला. जाताना त्याने तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. "मागच्या चाकांच्या नळ्यासुद्धा बघून घे," तिच्या खांद्यापाशी तो पुटपुटला. "मी पार्ट मागवून देतो." कॅब वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी होती.

मागे हिम्मतराव चपला घालत होते. "आम्ही ऑटो बघतो, वहिनी."

"मी सोडते," ती म्हणाली. या वेळी कुणी नको म्हणालं नाही.

शोभा मागे बसली. पुढे बसायचं तिला जमेना आणि सरोजने तसं सुचवलंही नाही. रविवारची दुपार, रस्ते बऱ्यापैकी मोकळे. सरोजने पहिल्या चौरस्त्यावर सिग्नलला ब्रेक दाबला. गाडी थांबली. कुठेही न जाता, जिथल्या तिथे थांबली. आरशात तिला दिसलं, शोभाने डोळे घट्ट मिटले होते आणि डाव्या हाताने दाराची मूठ धरली होती. ती भीती काही नळी बदलून जाणार नव्हती. मलकपेठेत पोचेपर्यंत शोभाने ती मूठ सोडली नाही.

हिम्मतरावांचं घर एका अरुंद गल्लीत, शेवटाला होतं. शोभा उतरली. "येते ताई," म्हणाली, थोडी घुटमळली, आणि जिना चढून गेली. हिम्मतराव दार उघडून तसेच बसून राहिले. एक पाय बाहेर, एक आत.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा ना."

"हॉस्पिटलात, मी यायच्या आधी, दादाने माझं नाव काढलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. सोळा महिने हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला असणार आणि एका शब्दाने तो मिटला असता. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पांढऱ्या मिशांखाली ओठ घट्ट दाबून धरलेले, हुबेहूब मोठ्या भावासारखे.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "माझंही नाही. पाणी मागायचे, आणि खिडकी उघडा म्हणायचे. आठ दिवस तेवढंच बोलले. खिडकी उघडता यायची नाही. काच पक्की होती तिथली."

हिम्मतरावांनी मान हलवली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग ते उतरले, दार हळूच लावलं आणि फाटकाच्या आत गेले.

गल्लीत गाडी वळवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली, एक पाण्याचं पिंप, कुणाचीतरी तुळशीची कुंडी. एवढं लांब तिने गाडी मागे मागे कधी घेतली नव्हती. तिने रिव्हर्स टाकला, मान वळवली, आणि थबकली. मागच्या काचेत काहीच धड दिसत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाचा आवाज झाला. हिम्मतराव परत बाहेर आले होते. ते गाडीच्या कडेने अंग चोरत मागे गेले, तिला आरशात दिसतील असे मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"येऊ द्या, वहिनी," ते म्हणाले. "येऊ द्या. सरळ. येऊ द्या."

ते तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत होते आणि ती त्यांच्या हाताकडे बघत पाय ब्रेकवर तोलत येत होती. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांना तळहात दाखवून थांबवलं. एक ऑटोवाला त्यांच्यावर खेकसला, तरी ते हलले नाहीत. ती मोठ्या रस्त्यावर आली, गाडी सरळ केली, पहिला गिअर टाकला. काच खाली घेऊन काही बोलावं असं तिला वाटलं. पण मागचे हॉर्न वाजवायला लागले होते, आणि ते हाताने सांगतच होते, निघा, निघा.

ती निघाली.